याडीवाली धून

जबलपूर
ता. १७ जानेवारी १९६०, रविवार

चि. रुपीले डोंगरभियाचा आशीर्वाद. याडीच्या अन् बाच्या पायावर डोकं ठेवतो. हरचंदकाकाले, शेजारच्या भुरीफुफीले अन् आपल्या ढवळ्या बैलालेही माह्या रामराम सांगजो. मी खुशाल आहे. थंडी लय आहे, पण ती साऱ्यायलेच आहे.

तुह्यं पत्र परवा भेटलं. मी ते खोलीवर मोठ्यानं वाचलं. इथं मराठी कोणाले समजत नाही, पण तुह्यं लग्न ठरलं हे माह्या तोंडावरून समजलं असंल, म्हणून अजीज मास्तरनं उठून गुळाचा खडा माह्या हातावर ठेवला. मास्तर म्हणजे आमच्या बँडाचे मालक अन् उस्ताद, दोन्ही. दाढी पांढरी झाली, पण फुंक अजून जवान माणसाची. तो खडा मी चावला नाही, लय वेळ तोंडात धरून बसलो. म्हटलं, रुपीच्या लग्नाचा गोड आहे, लवकर कायले संपवावं.

प्रेमसिंग पोरगा बरा आहे असं तू लिहिलं. तू त्याले पाह्यलंच नाही त बरा कसा समजला? दिग्रसच्या बाजारात चोरून पाह्यलं असंल. (याडी, रुपी हे तुले वाचून दाखवून राह्यली असंल त तिले मारू नको. मी मस्करी केली.)

तू लिहिलं, "भिया, माह्या हवेलीले ओ द्यायले येशील ना, का विसरला?" विसरायले मी काय म्हातारा झालो? मी घरून निघालो तेव्हा तू विहिरीवर कळशी घेऊन उभी होती अन् नाक पुसत होती. मी म्हटलं, रडू नको, तुह्या लग्नाले येतो. तुले बैलावर उभं करतीन, तू दोन्ही हात आभाळाकडे करशील, अन् तांडा सोडून चालल्याची हवेली रडत रडत गाशील. साऱ्या पोरीयच्या हवेलीले त्यायच्या याड्या रडून ओ देतात. तुह्या हवेलीले याडी त देईलच, पण तिच्या मागून माह्या बाजा ओ देईल. अशी ओ आजवर तांड्यात कोणाले भेटली नाही, असंही मी म्हटलं होतं.

तेव्हा मले एक सूर धड फुंकता येत नव्हता! यवतमाळच्या जिनात कापसाची गाडी घेऊन गेलतो, तिथं बँडवाल्याच्या दुकानासमोर ऐकत बसलो, अन् बैल कंटाळून गाडीसकट अर्ध्या रस्त्यावर एकटेच जाऊन उभे राह्यले. एवढीच माह्यी तेव्हाची कमाई.

बा त्या दिवशी काय बोलला ते तुले माहीत आहे. आपल्यात नगारा वाजवणं ढालियाच्या घराण्याचं काम. हरचंदकाकाचा बाप ढालिया, हरचंदकाका ढालिया. अन् आपला बा तांड्याचा नाईक. नाईकाचं पोरगं फुंकायले बसलं म्हणून बा ओट्यावरून साऱ्यायसमोर बोलला, "माह्या घरात ढालिया जन्मला." हरचंदकाका तिथंच नगारा शेकत बसला होता. त्यानं मान खाली घातली. मले माह्यापेक्षा त्याचं वाईट वाटलं.

तुह्या पत्रात बाचं एक अक्षर नाही. मी काही विचारत नाही.

आता इथली गंमत ऐक. आपल्यात पोरीले रडणंही शिकवावं लागते हे मी इथं सांगितलं त सारे हसले. म्हणे, रोना कोई सिखाता है? त्यायले काय माहीत, याडी सांजच्याले लग्नाच्या पोरीयले घेऊन बसे अन् हवेली शिकवे, आवाज कुठं चढवायचा, कुठं मोडायचा, तेव्हा मी बकऱ्या बांधता बांधता ऐकत होतो. ती चाल माह्या अंगात बसली. मागच्या वर्सी एकदा मी खोलीवर एकटाच ती वाजवत होतो. मास्तर दारात येऊन उभे राह्यले.

म्हणे, "ये कौन-सी पिक्चर का है?"

मी म्हटलं, "पिक्चर का नहीं मास्तर, याडी का है."

"याडी? नई लगी है क्या? कौन-से टाकीज में?"

मी हसून हसून खाली बसलो. मग सांगितलं, आमच्यात मां ले याडी म्हणतात. मास्तर हसले नाहीत. म्हणे, "फिर से बजा."

तेव्हापासून पोरगी सासरी निघाली की आमचा बँड हीच धून वाजवते. पाव्हणे येऊन सांगतात, "मास्टर, बिदाई पे वो याडीवाली बजाना." याडी, तू जबलपूर पाह्यलं नाही, पण जबलपुरात तुह्या नावानं बाया रडतात.

आणखी एक. लग्नवाल्यायले मोठा बँड पाहिजे असते अन् वाजवणारे आमच्यात थोडे. मग मास्तर बाकीचे असेच उभे करतात. कोणी रसवाला, कोणी हमाल, कोणी टांगेवाला. लाल कोट, टोपी, हातात बाजा, अन् ताकीद देलेली असते की फुंकायचं नाही, नुसते गाल फुगवायचे. त्यायले इथं गुंगे म्हणतात. आमचा रसवाला असे गाल फुगवते की एका लग्नात नवरदेवाच्या मामानं खरे वाजवणारे सोडून त्याच्याच गळ्यात हार घातला. तो हार घालून तो घरोघर फिरला.

सुट्टीचं आताच सांगता येत नाही. वैशाखात इथंही लग्नंच लग्नं. पाहू. फोटो मागितला, त फोटोवाला गावाले गेला आहे, अन् मले जरा खोकलाही आहे. पुढं पाठवीन.

हवेली नीट शिकजो. मोडायच्या जागी घाई करू नको.

तुह्या भिया,
डोंगरसिंग, ट्रम्पेट,
अजीज मास्तरचा बँड, जबलपूर

ता.क. याडीले म्हणजो, यंदा फुटाणे, खारे शेंगदाणे काही पाठवू नको. इथं सारं भेटते.


जबलपूर
ता. २० मार्च १९६०

चि. रुपीले आशीर्वाद. याडी, बाले पाय लागू. होळी झाली. तांड्यात लेंगी झाली असंल, भुरीफुफी आवाज बसेपर्यंत गायली असंल. मी होळीले खोलीवरच होतो.

तुह्यं पत्र आलं. ते मी मोठ्यानं वाचलं नाही.

तू बाचं लिहिलं. दारव्ह्याच्या बाजारात बा आजूबाजूच्या तिन्ही तांड्याच्या सोयऱ्यायले थांबवून थांबवून सांगते म्हणे, "माह्या डोंगर येऊन राह्यला जबलपूरहून. तुमच्या सात पिढ्यानं असा बाजा ऐकला नसंल. बिऱ्हाडासकट या." हे तू मनानं त लिहिलं नाही ना? बाच्या तोंडी माह्यं नाव, अन् तेही भर बाजारात?

अन् बा हरचंदकाकाच्या दारात गेला. हे त मी पुन्हा पुन्हा वाचलं. नाईक ढालियाच्या दारात गेला, अन् उभ्याउभ्यानं म्हणला, "हरचंद, नगाऱ्याले नवं कातडं चढव. पोराच्या संगतीनं वाजवायचं आहे." मग हरचंदकाका काय म्हणला ते तू लिहिलं, "नाईक, पोराले पहिली चापटी मीच शिकवली होती, तुमाले सांगितलं नाही." अन् बा हसला. रुपी, बा हसला हे तू डोळ्यानं पाह्यलं का कोणाकडून ऐकलं? पुढच्या पत्रात नक्की लिहिजो.

मी ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आहे.

पण.

सुट्टीचं काही खरं नाही. सीझन जोराचा आहे. मास्तरनं एकट्याले सोडलं त दुसरे रुसतात. जुगल म्हणून बिहारचा जवान आमच्यात आला आहे, आरा गावचा, आता पुढं तो चालते. मी मधल्या लायनीत असतो. थंडीनं ओठ उलले होते, म्हणून मास्तर म्हणे थोडे दिवस मागं राह्य. त्यात विशेष काही नाही. मधल्या लायनीत धूळ कमी लागते.

याडीवालीही आता जुगलच वाजवते. सूर चांगला आहे त्याचा. पण शेवटी, जिथं याडीचा आवाज खाली येते अन् मोडते, तिथं तो पिच्चरसारखी एक गिरकी घेते. मी त्याले म्हटलं, अरे, इथं पोरीचं घर संपते, इथं नाचायचं नाही. तो म्हणे, "भैया, एक बार बजा के दिखाओ ना." पोरगा मनाचा साफ आहे, त्यानं टोमणा मारला नाही. मी गुणगुणून सांगितलं. गुणगुणून ते समजत नाही.

मास्तर काल विचारत होते, तेरा गाँव कौन-से राज में है? मी म्हटलं, मी घर सोडलं तेव्हा मध्यप्रदेश होतं, मग मुंबई झालं, अन् आता मे महिन्यात आणखी नवं होऊन राह्यलं म्हणतात. मास्तर, आमचा तांडा तिथंच बसला आहे, राज्यंच लदेणीले निघाली! आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून गावोगाव हिंडत हे मास्तरले माहीत आहे, मी सांगितलं होतं. ते लय हसले. मीही हसलो असतो.

बाले म्हणजो, लोकायले एवढं सांगत फिरू नको. यवतमाळचा बँड ठरवून ठेवा. चांगले लोक आहेत, मी त्यायच्यातच शिकलो. माह्या भरवशावर राहू नका. तू रागावशील, रागाव. पण बाले म्हणजो.

भिया,
डोंगरसिंग
अजीज मास्तरचा बँड


जबलपूर
ता. २२ एप्रिल १९६०

रुपी,

आशीर्वाद अन् रामराम मागून. आधी एक काम कर. बाले समोर बसव, याडीले बसव, भुरीफुफी आली असंल त तिले म्हण थोड्या वेळानं ये. मग वाच. मागच्या पत्रासारखं थांबत थांबत वाच, पण कुठं गाळू नको.

तुह्यं पत्र काल भेटलं. तू लिहिलं, "भिया, बा नीट जेवत नाही. ओट्यावर बसून राहते अन् म्हणते, मी त्याले ढालिया म्हटलं, ते त्याच्या मनातून गेलं नाही, म्हणून तो येत नाही. खरं सांग, तुले बाचा राग आहे का?"

हे वाचलं नसतं त मी गप्प राह्यलो असतो. सुट्टी नाही, ताप आला, गाडी चुकली, काही लिहिलं असतं. पण बा हे आपल्या अंगावर घेऊन राह्यला, म्हणून आता सांगतो.

बा, मले तुह्या राग नाही. माह्ये दात गेले.

मार्गशीर्षातली गोष्ट आहे. बारात बाजारातून चालली होती, मी पुढं होतो. नवरदेवाकडचा एक जण पिऊन नाचत होता, माह्याकडे पाठ करून, उलटा उलटा येत होता. मी मागं सरकलो, पण मागं ढोलवाला होता, जागा नव्हती. बाजा तोंडाले होता, फुंक चालू होती. त्याचं डोकं भोंग्यावर आदळलं. भोंग्याले पोचा पडला अन् इकडचं टोक माह्या तोंडात शिरलं. वरचे समोरचे दोन दात तिथंच रस्त्यावर पडले. एक हलत राह्यला, तो डॉक्टरनं काढला. ओठ आतून फाटला, टाके पडले. त्या माणसाले समजलंही नाही, तो नाचतच पुढं गेला. बँड थांबला नाही. बँड थांबत नसते, त्याचा कोणाले दोष नाही. मी पानाच्या ठेल्यावर धोतराचा तुकडा तोंडात धरून बसलो अन् आपलाच बँड पुढं पुढं जाताना ऐकला. आजवर मी त्याले कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. चांगला वाजते.

लोक समजतात बाजा ओठानं वाजते. ओठाच्या मागं दाताची भिंत लागते, तिच्यावर ओठ टेकते तेव्हा फुंक बारीक होऊन आत जाते. भिंत नसली की फुंक पसरते. मास्तरनं नकली दात बसवून आणले, पण जोर लावला की ते जागचे उठतात. मी लय दिवस रोज नर्मदेच्या काठावर जाऊन फुंकत होतो, कोणी ऐकू नये म्हणून. म्हशीनं नाक शिंकरावं तसा आवाज निघते. धोब्याची पोरं हसत. मग मी जाणं सोडलं.

रसवाल्याची गंमत मी तुले लिहिली होती ना? ज्याच्या गळ्यात हार घातला? ते पत्र लिहिलं तेव्हाच मी त्याच्या बाजूले चालत होतो. मास्तर देवमाणूस, त्यायनं मले काढलं नाही. तोच लाल कोट, तीच टोपी, हातात तोच माह्या बाजा, पोचा पडलेला. फुंकायचं नाही, गाल फुगवायचे. पहिल्या दिवशी रसवाल्यानंच मले शिकवलं. म्हणे, "भैया, आँख भी ज़रा मूँद लिया करो, असली लगता है."

बिदाईले जुगल याडीवाली वाजवते. पोरगी आपल्या याडीच्या गळ्यात पडते. मी दोन हात अंतरावर गाल फुगवून उभा असतो, डोळे मिटून. बोटं बटनावर आपोआप चालतात, रुपी. एकही चुकत नाही. फुंक तेवढी नाही.

म्हणून फोटो पाठवला नाही. म्हणून फुटाणे नको म्हटलं.

आता दुसरी गोष्ट, हीही बानं ऐकावी. जुगलले तुह्या लग्नाचं माहीत आहे. तो म्हणे, "भैया, मैं चलता हूँ आपके साथ. आप सामने खड़े रहना, मैं पीछे गाड़ी की आड़ से बजा दूँगा. किसको पता चलेगा?" आपल्या खर्चानं येतो म्हणे, यवतमाळ जिल्हा पाहून होईल.

मी दोन दिवस त्याचाच विचार केला. मनात मी सारं लग्न पाह्यलं. बा ओट्यावर बसला आहे. तिन्ही तांड्याचे लोक आहेत. प्रेमसिंगकडचे पाव्हणे मान वर करून पाहून राह्यले. तू बैलावर उभी आहे. मी लाल कोटात, डोळे मिटून, अन् धून अशी निघून राह्यली की हरचंदकाकाचेही हात थांबले. कोणालेच कळत नाही. गाल मले आता रसवाल्यापेक्षा चांगले फुगवता येतात.

मग बा ओट्यावरून उठते, माह्याकडे येते, पाठीवर हात ठेवते अन् म्हणते, "वाहवा रे, माह्या ढालिया."

इथं माह्या विचार अडकला. पुढं मले काहीच दिसलं नाही. बाचा हात पाठीवर, अन् मी काय करू? तोंड उघडून हसू का? रोज अनोळखी लोकायसमोर मी गुंगा होतो, ते पोटाचं काम आहे. बाच्या हाताखाली मी गुंगा होणार नाही. जुगलले मी नाही म्हटलं. त्याले राग आला नाही, त्यानं नुसती मान हलवली.

बा, ढालिया म्हटलं ते तेव्हा मले लागलं होतं. आता ते नाव कोणी देलं त मी डोक्यावर घेतलं असतं. पण ते माह्यं नाही. हरचंदकाकाचे हात खरे आहेत, त्याच्या नगाऱ्यातून आवाज निघते. मी आता ढालियाही राह्यलो नाही. तू नीट जेव. तुह्या बोलण्यानं काही झालं नाही, एका नाचणाऱ्या माणसाच्या डोक्यानं झालं.

तिन्ही तांड्यायले तू सांगून ठेवलं आहे, त्यायले काय सांगायचं ते तूच पाह्य. खरं सांगितलं तरी मले चालते.

मी येऊन राह्यलो. इथून नागपूर, नागपूरहून मूर्तिजापूर, तिथून छोट्या गाडीनं दारव्ह्याले उतरीन. कोणी घ्यायले येऊ नका, मी पायी येईन. संगं काही नसंल. बाजा जुगलले देऊन राह्यलो. फुंकणाऱ्याजवळ असावा. काल मी पुन्हा त्याले मोडायची जागा समजावून सांगितली, बोटानं त्याच्या हातावर ठोके देऊन. गिरकी अजून पुरी गेली नाही, पण पहिल्यापेक्षा बारीक झाली. मास्तरले सांगितलं की परत येणार नाही. ते म्हणे, "याडी को सलाम बोलना." भिलाईले लोखंडाचा कारखाना होऊन राह्यला, लग्न झालं की तिकडं जातो. तिथं तोंडाचं काम नाही.

आता रुपी, तुह्यं.

मी तुले ओ देईन म्हटलं होतं. बाजा नाही, अन् गड्याच्या गळ्यातून हवेली आपल्यात निघत नाही, निघू नये. पण मी लय विचार केला अन् मले एक समजलं. तुले ज्या बैलावर उभं करतीन त्याची येसण मी धरीन. ढवळाच असंल ना? तो मले ओळखते. तू उभी राह्यली की मी त्याले पाऊल हलवू देणार नाही. तू हात वर कर, हवेली म्हण. याडीनं शिकवली तशी, मोडायच्या जागी मोड. पण पहिली ओळ झाली की लगेच दुसरी घेऊ नको. एक श्वास थांब. हरचंदकाकाले म्हणजो, तेवढा वेळ त्यानंही हात नगाऱ्यावर नुसते टेकवून ठेवावे, वाजवू नये.

तेवढ्या जागेत माह्यी ओ आहे. मी वर पाहणार नाही, गाल फुगवणार नाही. माह्यी बोटं येसणीवर चालतीन, ती कोणी पाहू नये. लोक म्हणतीन पोरीचा गळा दाटला. म्हणू दे. आपल्या चौघायले अन् हरचंदकाकाले माहीत राहील.

मग पुढची ओळ घे. थांबून राहू नको. प्रेमसिंगकडचे लोक वाट पाहत असतीन.

याडी, मी दारात आलो की एकदम तोंडाकडे पाहू नको. आधी हात पाह्य. ते तसेच आहेत.

तुह्या बैल धरणारा भिया,
डोंगर